खांब दिले, जमीन ठेवली

येरवड्यातल्या एका क्रीडासंकुलाच्या स्वागतकक्षात माझा फोटो लावलेला आहे. मोठा, काचेच्या चौकटीत, वरून पिवळा दिवा सोडलेला. खाली पितळी अक्षरांत लिहिलंय : आमचा क्रीडावारसा. हे मला एका ओळखीच्या माणसाने सांगितलं. तो तिथे बॅडमिंटन खेळायला जातो. "अगं, तू आहेस त्यात," तो म्हणाला, "हाफ पँटमध्ये. लगेच ओळखू येतेस." त्याला वाटलं मला आनंद होईल.

मी आणि आमची कर्णधार तो फोटो बघायला गेलो. मी तिला अजून कर्णधारच म्हणते. आता ती शिवणकाम करते, तिला दोन मुली आहेत, पण शाळेत ती आमच्या खो-खो संघाची कर्णधार होती आणि माझ्या लेखी तो संघ अजून बरखास्त झालेला नाही.

दारावरच्या रखवालदाराने विचारलं, "कार्ड हाय का, मॅडम?"

"नाही."

"मग कुणाला भेटायचंय?"

"त्या फोटोला," कर्णधार म्हणाली.

तो बिचारा गोंधळला. त्याचा काही दोष नव्हता. कार्डाशिवाय आत सोडायचं नाही, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. आम्ही ज्या जमिनीवर उभ्या होतो ती एके काळी आमच्या गुडघ्यांना रोज लागायची, हे त्याला कुणी सांगितलेलं नसणार. हे कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणून सांगते.

हा राग जुना आहे, पण शिळा नाही.

तेव्हा इथे महापालिकेच्या मराठी शाळेचं मैदान होतं. एका अंगाला आमची वस्ती, दुसऱ्या अंगाला नुकतीच उभी राहिलेली काचेची इमारत. तिच्यात कॉम्प्युटरची कंपनी आली होती. संध्याकाळी पांढऱ्या बसमधून गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं उतरायची आणि आम्हाला न बघता आत जायची. दिवस मावळला की इमारतीचे दिवे लागत आणि त्यांचा उजेड आमच्या मैदानावर पडे. त्या उजेडात आम्ही अजून थोडा वेळ खेळायचो. त्या काळी आम्हाला जागतिकीकरणातून मिळालेली तेवढीच एक गोष्ट. तीही त्यांनी दिलेली नव्हती, सांडलेली होती.

मैदान आमच्या हातचं होतं. दगड वेचून, माती चाळून, पाणी मारून आम्ही ते मऊ ठेवायचो. दोन टोकांना दोन लाकडी खांब, कमरेच्या वर येतील एवढे. वर्षानुवर्षं मुलींचे तळवे घासून ते असे गुळगुळीत झाले होते की त्यांना पॉलिश केलंय असं वाटावं. शनिवारी फक्की टाकून रेघा आखायच्या. आखणी वाकडी झाली की पीटीच्या बाई म्हणायच्या, "ही रेघ कोणी मारली? रिक्षावाल्याने?"

बाई सांगलीकडच्या. साधी सुती साडी, पदर खोचलेला, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि उजव्या मनगटाला शिट्टीची दोरी गुंडाळलेली. शिट्टी त्या क्वचितच वाजवत. आवाज पुरायचा.

ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आठजणी एका रांगेत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळणाऱ्यांचा पाठलाग करते. पळणारी निसटून पलीकडे गेली की पाठलाग करणारीने बसलेलीच्या पाठीवर थाप मारायची आणि खणखणीत ‘खो’ म्हणायचं. मग ती सुटते आणि ही तिच्या जागी बसते. सगळा खेळ त्या एका अक्षरावर चालतो.

पाचवीत असताना पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, "बाई, मी हिला खो घालू का?"

"घालू?" बाईंनी कमरेवर हात ठेवले. "खो घालायचा नसतो गं, द्यायचा असतो. घालतात ते ऑफिसात."

आम्ही हसलो. अर्थ नंतर कळला. आपल्या भाषेत या अक्षराचं दोन्हीकडे चालतं. दिला की माणूस उठतो, घातला की बसतो. बाईंचा नियम एकच होता आणि तो त्या इतक्या वेळा म्हणत की झोपेतही ऐकू येई : खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि मिळाल्यावर बसून राहायचं नाही. विचार करायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. उठायचं.

घरी दुसरं शिक्षण चालू होतं. वडील टपालखात्यात. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं वाटायचे आणि संध्याकाळी आपली पत्रकं. पाण्याच्या नळांसाठी, शिष्यवृत्तीसाठी, बुद्धविहाराच्या जागेसाठी, गॅस एजन्सीच्या लबाडीविरुद्ध. घरभर पत्रकांचे गठ्ठे असायचे. आम्ही भावंडं जेवणाआधी बसून त्यांच्या घड्या घालायचो. अक्षरं मी पाठ्यपुस्तकात शिकले, वाक्यं पत्रकांत. वडिलांचं म्हणणं असं की पत्रकात मागणी एकच लिहावी. "दोन लिहिल्या की समोरचा सोपी ती मान्य करतो, फोटो काढून घेतो आणि अवघड ती विसरतो. एकच लिहायची. आणि अशी लिहायची की तिच्यातून पळायला वाट राहू नये."

मी नववीत होते त्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकलो. कर्णधार दहावीत होती. अंतिम सामन्यात तिने खांबावर जो सूर मारला, तो बघून समोरच्या संघाचे सर टाळ्या वाजवायला लागले आणि मग आपण कोण हे आठवून थांबले. राज्यस्पर्धा दिवाळीनंतर होती. तिथे राज्याच्या संघासाठी मुली निवडणारे लोक येणार होते. बाईंनी कर्णधारला बाजूला घेऊन सांगितलं, "तू तिथे फक्त इथल्यासारखी खेळ. बाकी मला काही नको." कर्णधारच्या घरी दहावीनंतर शिक्षण थांबवायचं ठरलेलं होतं. राज्याच्या संघात नाव आलं तर बापाला सांगायला काहीतरी होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तीन आठवडे हातात होते आणि रोजचा सराव सोडून आम्हाला काहीही नको होतं.

आम्हाला सत्कार मिळाला.

वॉर्डाच्या नगरसेवकांना सगळे भाऊ म्हणायचे. आम्ही जिंकलो हे त्यांना कळलं आणि दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. तेव्हा फ्लेक्स नवीन होते, माणसं उभी राहून बघायची. आम्हीही धावत गेलो. वर भाऊ हात जोडून उभे, बाजूला त्यांचे नेते, नेत्यांचे नेते, खाली शुभेच्छुकांची गर्दी. मधोमध पळणारी एक मुलगी. सोनेरी केस, निळे डोळे, छातीवर परदेशी अक्षरं.

"ही कुठल्या तुकडीतली?" कर्णधारने विचारलं.

फ्लेक्सवाल्याकडे आमचे फोटो नव्हते, म्हणून त्याने त्याच्या सीडीतली बाई टाकली होती. आमच्या विजयाबद्दल आमच्याच चौकात एका गोऱ्या धावपटूचं अभिनंदन लटकत होतं. त्यात कुणाला काही चुकीचं वाटलं नाही. उलट वस्तीतले दोघेतिघे म्हणाले, लुक छान आलाय.

मग मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. संघातल्या आम्ही दोघीतिघी वहीच्या निमित्ताने दारातच उभ्या होतो.

"बाई, मुलींना सांगा, पूर्ण गणवेशात या. हाफ पँटमध्ये स्टेजवर बरं दिसत नाही. मोठी माणसं येणार आहेत. कंपनीचे लोक आहेत."

"सर, जिल्ह्यात पळाल्या त्या हाफ पँटीत," बाई म्हणाल्या. "सलवारीचा सत्कार करायचा असेल तर सलवारी इस्त्री करून पाठवते. मुली कशाला हव्यात?"

"अहो, तुम्ही प्रत्येक गोष्टीत..."

"येतील तशाच येतील सर."

सत्काराच्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे सकाळी सरावाला गेलो. कार्यक्रम अकरा वाजता, तोवर खेळून होईल असा हिशोब. कोपऱ्यावरून वळलो तर मैदान दिसेना. मांडव दिसला. लाल गालिचे, सोफे, ध्वनिवर्धकाचे खोके. आमच्या मऊ मातीत जागोजागी बांबूसाठी खड्डे खणलेले. रेघा कुठे आहेत ते कळत नव्हतं. दोन्ही टोकांना खांबांच्या जागी नुसती भोकं होती.

"खांब?" कर्णधार मांडववाल्याकडे गेली. "ओ काका, आमचे खांब कुठेत?"

"कुठले खांब?"

"इथले! लाकडी!"

"ते होय. आडवे येत होते. तिकडं कामाला आले बघ." त्याने बोट दाखवलं.

मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात एक चौकोन झेंडूने सजवला होता. त्याच्या पुढे आमचे दोन खांब नवीन खड्ड्यांत रोवले होते आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत लाल रेशमी फीत बांधली होती. उंची अगदी बेतशीर. मोठ्या माणसाने न वाकता कात्री चालवावी अशी. खांबांना वरून चकचकीत कागद गुंडाळला होता, म्हणजे लाकूड दिसू नये.

"फीत कशाला?" मी विचारलं.

"भूमिपूजन हाय न्हवं?" मांडववाला म्हणाला. "तुम्हाला सांगितलं न्हाई व्हय?"

सत्कार आमचा होता आणि भूमिपूजन आमच्या जमिनीचं. दोन्ही एकाच मांडवात, एकाच खर्चात, एकाच हारात. मांडवाच्या कमानीजवळ टेबलावर पांढऱ्या कपड्याखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. कर्णधारने सरळ कपडा उचलला. थर्माकोलची इमारत होती. निळ्या जिलेटिनचा पोहण्याचा तलाव, खोबऱ्याच्या किसासारखी हिरवी झाडं, काचेच्या खिडक्या, आणि खेळण्यातल्या मोटारी, ओळीने लावलेल्या. आम्ही सगळ्या वाकून शोधायला लागलो. एक छोटी मुलगी म्हणाली, "ताई, आपलं मैदान कुठंय यात?" कर्णधारने शाळेच्या भिंतीपासून बोटाने अंतर मोजत आणलं आणि एका तांबड्या मोटारीवर बोट टेकलं.

"हा आपला वरचा खांब," ती म्हणाली.

त्या सबंध इमारतीत मातीच नव्हती. लाकूड, काच, टाइल्स, गवताच्या रंगाचा कागद होता. माती कुठेही नव्हती.

बाई आल्या, त्यांनी खांब बघितले, मॉडेल बघितलं. मनगटावरची शिट्टीची दोरी सोडली आणि पुन्हा गुंडाळली. एवढंच. मग त्या भाऊंकडे गेल्या. आम्ही मागे होतो.

"भाऊ, राज्यस्पर्धा तोंडावर आहे. मुली सराव कुठे करणार?"

"मॅडम, अहो आंतरराष्ट्रीय दर्जाचं होणारे सगळं! एसी हॉल!"

"खो-खो मातीत खेळतात."

"होईल, होईल. ॲडजस्ट करू. आज आनंदाचा दिवस आहे, आज वाद नको. बसा, आपण बसा."

आपण बसा. पुण्यात एखाद्याला हाकलायचं असलं की इतक्या आदराने बसवतात.

स्टेजवर पुढे सोफ्यांवर पाहुणे, मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही ओळीने, आणि सगळ्यात टोकाला बाई. एकेकीला पुढे बोलावून शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. आमच्या घरात नारळ फक्त चटणीसाठी फुटतो, पण घेतला, आईला चालणार होता. ऑक्टोबरच्या उन्हात लोकरीची शाल. मी खुर्चीकडे परत निघाले तेव्हा भाऊंनी माझ्या खांद्यावरची शाल हळूच खाली ओढली. "पायावर घे, बाळ," ते प्रेमाने म्हणाले. "फोटो येतोय."

ज्या पायांनी जिल्हा जिंकला त्यांचा सत्कार करायचा होता आणि ते पाय दिसायला नको होते. याला मी आजही दुसरा शब्द शोधत नाही. ही लाज त्यांची होती आणि ती लपवायला त्यांनी आमच्या अंगावर लोकर टाकली.

स्मृतिचिन्हावर सोनेरी रंगाचा एक छोटा माणूस होता. पायाला पॅड, हातात बॅट. सगळ्या बारा स्मृतिचिन्हांवर तोच. दुकानात तयार माल तोच असणार. कर्णधार माझ्या कानाशी आली. "ह्याला बाद कसं करायचं गं?" मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही, म्हणून मी खाली बघत राहिले.

मग कंपनीतले एक तरुण साहेब बोलले. "वी आर सो प्राउड," ते म्हणाले, आणि पुढचं मराठीत, थोडं अडखळत, पण मनापासून : आमच्या खिडकीतून आम्ही या मुलींना रोज खेळताना बघतो, फार इन्स्पायरिंग वाटतं. मला त्यांचा फार राग आला नाही. रोज बघत होते म्हणाले ना, म्हणजे मैदान दिसत होतं. तेच मैदान जातंय हे एवढ्या मोठ्या खिडकीतून दिसलं नाही, हे मात्र मी विसरत नाही.

भाऊंनी भाषण केलं. या मैदानाने आपल्याला या कन्या दिल्या, आता आपण मैदानाला काहीतरी परत देऊ या, असं म्हणून त्यांनी मॉडेलवरचा कपडा उचलायला लावला. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचे आईबाप होते. त्यांना इमारत दिसली, आणि इमारत म्हणजे पुढे जाणं हे त्यांना रोज सांगितलं जात होतं.

सूत्रसंचालक म्हणाला, "आता वेळेअभावी आपण थेट भूमिपूजनाकडे..."

"मुलींच्या प्रशिक्षकांचं मनोगत राहिलं," कुणीतरी खालून ओरडलं. माझे वडील होते.

"बाईंचं मनोगत आपण सगळे जाणतोच!" सूत्रसंचालक हसून म्हणाला. "वेळेअभावी..."

बाई उठल्या. माइककडे गेल्या नाहीत. माइक त्यांना कुणी दिला नसता. त्या आमच्या खुर्च्यांच्या मागून चालत आल्या, रांगेच्या या टोकापासून, सावकाश, सामन्यात चालायच्या तशा. आम्हाला मागे वळायची सवय नव्हती. आम्ही समोर बघत बसलो होतो. कॅनव्हासच्या बुटांचा आवाज माझ्या मागे थांबला. पाठीवर सपकन थाप बसली.

"खो!"

मी उठले. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. पाच वर्षांची सवय होती. शाल खाली पडली, नारळ गडगडला, फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला आणि मी माइकपाशी पोचलेही. सूत्रसंचालक बाजूला झाला, त्याला वाटलं हे ठरलेलं आहे.

मला वडिलांचं आठवलं. मागणी एकच.

"आमचे खांब उपटून त्यांना फीत बांधलीय," मी म्हटलं. "ते खांब जिथून काढलेत तिथेच परत रोवून द्या. आम्हाला राज्यस्पर्धेला जायचंय."

एवढंच वाक्य. आजही ते मला बरोबर वाटतं. त्यात जमीन होती, वेळ होती, कारण होतं. पळायला वाट नव्हती.

भाऊंनी ती काढली. सोफ्यावरून उठले, माइक माझ्या हातातून अलगद घेतला आणि दुसरा हात वर केला. "दिले!" ते गरजले. "अरे, आमच्या लेकीने खांब मागितले, खांब दिले! आत्ताच्या आत्ता! हाच तो जोश, जो आपल्याला हवाय!"

हशा. टाळ्या. "याला म्हणतात खेळाडू वृत्ती!" सूत्रसंचालक ओरडला. मी म्हणत होते, "जिथून काढलेत तिथेच," पण माइक नसला की चौदा वर्षांच्या पोरीचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. दोन माणसं धावली. त्यांनी फीत सोडली, आमचे खांब उपटले, वरचा चकचकीत कागद फाडला आणि ते स्टेजसमोर आणून आमच्या पायांशी ठेवले. मग दोन प्लास्टिकच्या खुर्च्या नेऊन त्यांना फीत बांधली. भूमिपूजन वेळेवर झालं.

वाक्य मधोमध तोडलं त्यांनी, वडील घरी येताना म्हणाले. पुढचा अर्धा भाग ठेवून घेतला. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते, आणि त्यांना तसं मी कधी बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी पत्रक लिहिलं. आम्ही घड्या घातल्या. वाटली. वस्तीत लोक म्हणायचे, "अहो पण खांब तर दिले ना त्यांनी?"

आठवड्याभरात मैदानाभोवती पत्रे लागले. आमच्याकडे खांब होते आणि ते रोवायला जमीन नव्हती. बाई आम्हाला शाळेमागच्या डांबरी रस्त्यावर घेऊन गेल्या. डांबरात खांब उभा राहत नाही. म्हणून राखीव मुलींपैकी दोघी दोन टोकांना खांब म्हणून उभ्या राहायच्या, हात अंगाशी चिकटवून, आणि आम्ही त्यांना वळसे घालायचो. रिक्षा आली की खांब बाजूला व्हायचे.

"सूर मारायचा नाही," बाई रोज बजावायच्या. "इथे कुणी सूर मारायचा नाही. मातीत मारायचा तो मनात मारा."

पण सूर मनात मारता येत नाही. शरीर विचारून करत नाही ते. स्पर्धेच्या चार दिवस आधी कर्णधार पाठलागावर होती, पळणारी वितभर पुढे होती, आणि तिने झेप घेतली. हनुवटी आधी टेकली. तो आवाज मला कुठल्याही शब्दांत लिहायचा नाही. ती उठली तेव्हा तिचा हात मात्र पळणारीच्या पायाला लागलेला होता. "बाद आहे ना बाई?" तिने तोंडभर रक्तातून विचारलं.

"बाद आहे," बाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर त्यांनी तोंड फिरवलं.

राज्यस्पर्धेत ती टाके घातलेली हनुवटी घेऊन राखीव बाकावर बसली. निवडणारे लोक आले होते, वह्या घेऊन. आम्ही दुसऱ्या सामन्यात हरलो. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं. बाई संकुलाच्या बांधकामाविरुद्ध आयुक्तांच्या दारात दोनदा जाऊन बसल्या, तर पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, कर्वेनगरच्याही पलीकडे झाली. प्रशासकीय कारण. बाई म्हणाल्याच होत्या, घालतात ते ऑफिसात.

अशा गोष्टी सांगितल्या की शहाणी माणसं म्हणतात, प्रगती नको का? हवी. संगणक हवेत, नोकऱ्या हव्यात, माझा धाकटा भाऊ त्याच काचेच्या इमारतींपैकी एकीत काम करतो आणि त्याच्या पगारावर आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. माझं म्हणणं त्याच्या आड नाही. माझं म्हणणं एवढंच की या शहराने आमच्याकडून मैदान घेताना आमचा सत्कार का केला? सरळ घ्यायचं होतं. दरोडेखोर घरात शिरतो तेव्हा घरमालकाला शाल घालत नाही.

तर आम्ही दोघी त्या काचेच्या दाराबाहेर उभ्या होतो. रखवालदाराला आमची दया आली असावी. "हितनं बघा," तो म्हणाला आणि थोडा बाजूला सरकला.

फोटो छान आहे. फोटोवाल्याने नेमका क्षण पकडलाय. ओळीत बसलेल्या मुली, मांडीवर बॅटवाली सोनेरी माणसं, आणि मधे मी, खुर्चीतून अर्धी उठलेली, शाल मांडीवरून घसरतेय, गुडघे उघडे. कर्णधार माझ्याकडे वळून बघतेय, तिची हनुवटी अजून अख्खी. वरची बाजू कापलेली आहे. चौकटीत बसवायला कापली असेल, किंवा एवढ्याचसाठी. बाई फोटोत नाहीत.

"थांब," कर्णधार म्हणाली. तिने काचेला कपाळ टेकलं. "तुझी पाठ बघ."

माझ्या पाठीवर एक हात होता. मनगटापर्यंतच. मनगटाला दोरी गुंडाळलेली. तो कापता आला नसता, कापला असता तर मीही कापली गेले असते.

आतून बॅडमिंटनच्या बुटांचा चिरका आवाज येत होता.

"तू लिहितेस ना?" कर्णधार म्हणाली. हनुवटीवरचा व्रण तिने नकळत चोळला. "मग हे लिही. पण शाल पांघरू नकोस त्याला."

नाही पांघरली. आणि मागणी अजून एकच आहे. खांब कर्णधारच्या घरी शिलाई मशीनमागे उभे आहेत. ते जिथून काढलेत तिथेच परत रोवून द्या.